शेऱ्याचा रकाना

“आज कोण गेला?”

मशीन सुरू झालं, दोन्ही सुया नीट बसल्या, सिस्टरने बीपी घेऊन कागदावर टाकलं, की अण्णांचा हा प्रश्न ठरलेला. पहिल्यांदा विचारला तेव्हा शेजारच्या बेडवरच्या काकू दचकल्या. डायलिसिसच्या खोलीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. एखादा बेड लागोपाठ दोन-तीनदा रिकामा दिसला की सगळे मुकाट टीव्हीवरची मालिका बघत राहतात. मला घाईघाईने सांगावं लागलं, “काकू, रोमच्या बादशहांचं विचारतायत ते. मी पुस्तक वाचते ना, त्यातले.”

“पर्टिनॅक्स,” मी अण्णांना म्हटलं.

“किती दिवस टिकला?”

“तीन महिनेसुद्धा नाही.”

“हं. सांग.”

मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी चार तास. गुरुवार भावाचा, बाकीचे दोन माझे. सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फोनवर बोट फिरवण्यात घालवलं. घरी येताना डोकं भणभणायचं. मग एकदा जुन्या पुस्तकांच्या दुकानात गिबन दिसला. एडवर्ड गिबन, ‘द डिक्लाइन अँड फॉल ऑफ द रोमन एम्पायर’. सहा खंडांपैकी पाच. तिसरा नव्हता. दुकानदार म्हणाला, “पाचच आहेत, पाचाचेच पैसे द्या,” आणि वर असा चेहरा केला, जसं काही माझ्यावर उपकारच करतोय. घरी आल्यावर अण्णांनी खंड मोजले आणि तिसऱ्यात काय होतं ते विचारलं. शोधून बघितलं तर गॉथ टोळ्यांचा राजा आलारिक रोमला वेढा घालून शहर लुटतो, ते नेमकं त्यातच.

“म्हणजे आपल्या घरी रोम वाचलं,” अण्णा म्हणाले.

(पुढे तो खंड मी फोनवर वाचला. एवढ्या जुन्या पुस्तकाचा कॉपीराइट कधीच संपलाय, फुकट मिळतं.)

गिबनचं नाव मला कॉलेजपासून माहीत होतं, पण गाइडातून. ‘रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे स्पष्ट करा.’ पुढे कंसात गुण. त्याच्याच आगेमागे ‘मुघल साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे’ आणि ‘मराठेशाहीच्या ऱ्हासाची कारणे’. उत्तरं एकमेकांच्या जागी खपून जातील अशी: दुबळे वारस, चैनबाजी, दरबारी कारस्थानं, रिकामा खजिना, परकी आक्रमणं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने घाईघाईत मराठेशाहीच्या उत्तरात हूण घुसडले होते आणि तरी ती पास झाली.

त्यामुळे माझी समजूत अशी, की गिबन म्हणजे या याद्यांचा मूळ पुरुष. ७१ प्रकरणं, साधारण १५ लाख शब्द, मार्कस ऑरेलियस गेल्यापासून म्हणजे इ.स. १८० पासून थेट १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) पडेपर्यंत. एवढ्यात कुठेतरी आकडे टाकून कारणं दिलेली असणारच. ती नाहीत. आकडे टाकून दिलीयत ती ख्रिस्ती धर्म कसा पसरला याची कारणं, पाच. आणि अगदी शेवटच्या प्रकरणात रोम शहरातल्या इमारती कशाकशाने ढासळल्या याची, चार. साम्राज्य का पडलं, या मुख्य प्रश्नाला गाइडात उतरवता येईल असं उत्तर हा माणूस सहा खंडांत देत नाही. मला आधी फसवल्यासारखं वाटलं.

अण्णांना कारणांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना आकडे हवे असायचे. कोण, किती दिवस, किती पैसे, कुणी मारला. ते नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत ३४ वर्षं नोकरीला होते. कांद्याची आवक, किमान भाव, कमाल भाव, तोलाई, हमाली अशी रजिस्टरं त्यांनी आयुष्यभर लिहिली. प्रत्येक रजिस्टरात सगळ्यात उजवीकडे एक रकाना असतो: शेरा. अण्णांचं म्हणणं, वाचायचा तो फक्त शेरा. बाकीचे आकडे वर पाठवायला. ‘दुपारनंतर पाऊस, माल भिजला.’ ‘व्यापारी बोलीला उतरले नाहीत.’ ‘वजनावरून वाद, पोलीस बोलावले.’ त्या दिवशी काय झालं ते तिथे असतं.

गिबनच्या तळटीपांबद्दल मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना लगेच कळलं. या पुस्तकाला जवळपास ८,००० तळटीपा आहेत. वरचा मजकूर म्हणजे शाही मिरवणूक, लांबलचक डौलदार वाक्यं, हत्ती-घोडे-पालखी. आणि खाली बारीक टायपात एक बुटका, जाडा, तल्लख माणूस बसलेला, वर चाललेल्या थाटाकडे बघत हळूच काहीतरी पुटपुटणारा. दुसऱ्या गॉर्डियन बादशहाबद्दल तो वर लिहितो, की बावीस राजमान्य उपस्त्रिया आणि ६२,००० ग्रंथांचं ग्रंथालय यांवरून त्याच्या आवडीनिवडींचा पैस दिसतो. आणि तो मागे जे ठेवून गेला त्यावरून असं म्हणता येतं, की दोन्ही गोष्टी मिरवायला नव्हे तर वापरायला ठेवल्या होत्या. खाली टीप: प्रत्येकीपासून त्याला तीन-चार मुलं झाली. त्याने लिहिलेले ग्रंथ तेवढे नव्हते, पण तेही अगदीच टाकाऊ नव्हते.

यावर अण्णा इतके हसले की सुया टोचलेला हात हलला आणि मशीन कोकलायला लागलं. टेक्निशियन धावत आला. “काका, हात सरळ!” मग माझ्याकडे वळून, “ताई, त्यांना विनोदी काही वाचून दाखवू नका.”

मी पुस्तकाचं नाव त्याला दाखवलं. त्याने ते वाचलं आणि काही न बोलता गेला.

गिबनने एका ठिकाणी म्हटलंय, की इतिहास म्हणजे माणसाच्या गुन्ह्यांचं, मूर्खपणाचं आणि दुर्दैवाचं रजिस्टर, त्याहून फारसं काही नाही. शब्द त्याचाच आहे, ‘रजिस्टर’. अण्णांना तो फार आवडला. मात्र त्याआधीच्या सोनेरी काळाबद्दल त्यांचं गिबनशी पटलं नाही. इ.स. ९६ ते १८० हा मानवजातीच्या सर्वांत सुखाचा काळ, असं गिबन ठामपणे लिहितो. आणि त्याच्याच आधीच्या प्रकरणात साम्राज्याची लोकसंख्या १२ कोटी धरून त्यातले निम्मे गुलाम असावेत असा हिशोबही मांडतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, पन्नास-साठ पानांच्या अंतरात लिहिल्यात. “मग सुखी कोण होतं?” अण्णांनी विचारलं. याचं उत्तर गिबनच्या तळटीपांत नाही. त्याच्या पानांतून जी माणसं चालतात-बोलतात, ती बहुतेक सगळी उरलेल्या निम्म्यातली.

पण अण्णा खऱ्या अर्थाने गिबनचे झाले ते लिलावाच्या दिवशी.

गोष्ट इ.स. १९३ मधली. कॉमोडसचा खून झालाय, त्याच्या जागी पर्टिनॅक्स हा म्हातारा, कडक, काटकसरी सेनापती आलाय. बादशहाच्या अंगरक्षकांची जी फौज होती, प्रेटोरियन गार्ड, तिला काटकसर मानवली नाही. मार्चअखेर ते राजवाड्यात घुसले, पर्टिनॅक्सचं डोकं भाल्याला टोचून आपल्या छावणीत घेऊन गेले. छावणीत पर्टिनॅक्सचा सासरा सल्पिशियानस होता. शिपायांना शांत करायला त्यालाच पाठवलेलं होतं. जावयाचं डोकं समोर आलेलं बघून त्याने काय करावं? गादीसाठी सौदा सुरू केला. तेव्हा शिपायांतल्या काही हुशारांच्या लक्षात आलं, की एकाशीच बोलून भाव मिळायचा नाही. एकजण छावणीच्या तटावर चढला आणि ओरडला, की रोमचं राज्य लिलावात निघालंय, जास्त बोली बोलेल त्याला देऊ.

“उघड लिलाव?” अण्णांनी उशीवरून मान उचलली. “रुमालाखाली नाही?”

पूर्वी बऱ्याच बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, हत्ता म्हणत त्याला. शेतकऱ्याला पत्ताच लागायचा नाही कुणी किती बोललं. तो बंद करून उघड बोली आणण्यासाठी किती भांडणं झाली, हे अण्णांच्या नोकरीतलं मोठं पर्व.

“उघड. तटावरून ओरडून.”

“मग त्या बाबतीत तरी सचोटी होती.”

डिडियस जुलियानस नावाचा एक श्रीमंत सिनेटर घरी जेवत बसला होता. ताटावरच बातमी आली. बायको, मुलगी, घरातले हुजरे सगळे मागे लागले, जा, अशी संधी पुन्हा यायची नाही. तो उठून छावणीच्या तटाखाली गेला. आत सासरा, बाहेर हा, आणि मध्ये निरोप्ये धावतायत: तिकडचा भाव इतका झालाय, तुमचा काय? सल्पिशियानस प्रत्येक शिपायामागे ५,००० द्राख्मांपर्यंत आला होता. जुलियानसने एका दमात ६,२५० म्हटलं. दरवाजे उघडले.

“एकदम साडेबाराशेची उडी?” अण्णांनी नापसंतीने जीभ टाळूला लावली. “नवखा. पन्नास-पन्नासने चढायचं असतं. आणि पैसे रोख, की उधारी?”

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन शोधलं. हेरोडियन नावाचा त्या काळचा इतिहासकार म्हणतो, की बोललेली रक्कम जुलियानसला देताच आली नाही, खजिन्यात काही नव्हतं आणि स्वतःच्या श्रीमंतीच्याही बाताच निघाल्या. दुसरा एक जुना ग्रंथ म्हणतो, उलट बोलीपेक्षा जास्तच दिले. शनिवारी मी हे दोन्ही सांगितलं. अण्णांनी हेरोडियनच्या बाजूने निकाल दिला. असे पुष्कळ व्यापारी बघितलेत म्हणाले, बोली मोठी, चेक परत.

मला स्वतःला त्या रात्रीचं वर्णन विसरता येत नाही. जुलियानस वाड्यात आला, तर पर्टिनॅक्सचं डोकं नसलेलं धड तिथेच पडलेलं आणि त्याच्यासाठी मांडलेलं साधं जेवणही. जुलियानसने आपल्यासाठी थाटाचं जेवण मागवलं, मध्यरात्रीपर्यंत फासे खेळला, पिलाडिस नावाच्या नर्तकाचा नाच बघितला. मग खुशमस्करे पांगले, अंधारात तो एकटा उरला आणि त्याला झोप लागली नाही. ६६ दिवसांनी त्यालाही मारलं.

“आपले गारदीच हे,” अण्णा म्हणाले.

हे मात्र माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, पगार थकलाय म्हणून आरडाओरड करत आत घुसलेले पहारेकरी, अठरा वर्षांचा नारायणराव आणि ‘काका, मला वाचवा’. गारदी हा शब्दच मुळी परदेशी ‘गार्ड’वरून आलेला. ज्या सुमारास लंडनमध्ये गिबन पहिला खंड लिहीत होता, त्याच सुमारास पुण्यात हे घडत होतं. तो खंड बाहेर आला १७ फेब्रुवारी १७७६ ला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ मार्चला, पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात पुरंदरचा तह झाला. एकमेकांशी संबंध काहीच नाही. पण साम्राज्य कसं पडतं हे इंग्रज मंडळी पुस्तकात वाचत होती, तेव्हा त्यांच्याच कंपनीची माणसं इकडे एका राज्याच्या घरभांडणात हात घालून बसलेली होती, हे डोक्यातून जात नाही. पुढे १७८८ च्या जूनमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालू असताना शेरिडन या खासदाराने अवधच्या बेगमांच्या लुटीवर मोठं भाषण केलं. असला गुन्हा गिबनच्या ‘ल्युमिनस’ पानांतही सापडायचा नाही, म्हणाला. ल्युमिनस म्हणजे तेजस्वी. गिबन समोर बसला होता, सद्गदित झाला. शेरिडनने नंतर मित्रांना सांगितलं म्हणतात, की मी ‘व्होल्युमिनस’ म्हणालो होतो, म्हणजे जाडजूड.

मधली शेकडो पानं चर्चच्या परिषदांची आणि पंथांच्या भांडणांची आहेत. तिथे अण्णा झोपायचे. मीही बरीच उडवली, उगाच खोटं कशाला बोला. १५ आणि १६ ही दोन प्रकरणं तेवढी शब्द न् शब्द वाचली, कारण त्यांच्यावरून इंग्लंडात गहजब झाला होता. गिबन धर्माला कुठेही सरळ वाईट म्हणत नाही. तो फार आदराने बोलतो, आणि तो आदरच लोकांना झोंबला. येशूच्या मृत्यूसमयी तीन तास अंधार पडला म्हणतात, तर प्लिनी या रोमन लेखकाने ग्रहणांवर आख्खं प्रकरण लिहिलं, त्याला हा अंधार कसा दिसला नाही बरं, असं तो साळसूदपणे विचारतो. रोममधल्या नाना देवांबद्दल त्याचं म्हणणं, की लोकांना ते सगळे सारखेच खरे वाटत, तत्त्वज्ञांना सारखेच खोटे आणि अधिकाऱ्यांना सारखेच उपयोगाचे. अण्णा त्या दिवशी जागे होते. “आमचे सभापती,” एवढंच म्हणाले.

मग फोनवरचा तिसरा खंड. इ.स. ४०८. आलारिक आपले गॉथ घेऊन रोमच्या वेशीवर, शहरात उपासमार, आणि वेढा उठवण्याची किंमत ठरते: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० लाल रंगाचे उंची तागे आणि ३,००० पौंड मिरी.

“काय?”

“मिरी. काळी मिरी.”

“रोमन पौंड म्हणजे किती?”

“सव्वातीनशे ग्रॅमच्या थोडं वर.”

अण्णांनी डोळे मिटले. त्यांना आजही कॅल्क्युलेटर लागत नाही. “पावणेदहा-दहा क्विंटल. एक छोटा टेम्पो.” थोड्या वेळाने, “मिरी आपल्याकडची?”

आपल्याकडची म्हणजे मलबारची. पावसाळी वाऱ्यांवर जहाजं यायची, सोन्याचांदीची नाणी ओतून मिरी भरून न्यायची. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी प्लिनीची तक्रार आहे. महाराष्ट्रालाही या व्यापाराची ऊब लागली होती; कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली. सहावीच्या सहलीला मी ती बघितली होती आणि कुठला तरी ऋषी समजून पुढे गेले होते.

खुद्द रोम शहर एका टेम्पोभर मिरीवर तात्पुरती सुटली, हे अण्णांना इतकं लागलं की घरी आल्यावर त्यांनी एका जुन्या किराणा व्यापाऱ्याला फोन लावून मिरीचा चालू भाव विचारला. काय हिशोब केला ते मला सांगितलं नाही. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट ४१० ला, आलारिकने शहर लुटलंच.

आता ती कारणं.

अण्णांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण बसायच्या आधी विचारायचा, “पण कशामुळे झालं हो?” आणि उत्तर ऐकायच्या आधीच स्वतःचं सांगायचा. साखर. बीपी. गुडघ्यासाठी खाल्लेल्या दुखीच्या गोळ्या. बोअरचं पाणी. समितीतला तो शेवटच्या वर्षांचा ताण. एका मावशींनी तर टोमॅटोवर खापर फोडलं. अण्णा सगळ्यांना “असेल, असेल” म्हणायचे. मला मात्र त्या वेळी कारण पाहिजे होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुने रिपोर्ट काढून बघायची, कुठल्या वर्षी क्रिएटिनिन चढायला लागलं, तेव्हा आपण काय केलं असतं तर.

१९८४ साली अलेक्झांडर डेमांट या जर्मन इतिहासकाराने रोमच्या पतनाची विद्वानांनी आजवर सुचवलेली कारणं गोळा केली. ती भरली २१०. त्यात शिशाची विषबाधा आहे, संधिवातसुद्धा आहे. आमच्या मावशी जर्मन विद्यापीठात असत्या तर २११ झाली असती.

आणि गिबन? ३८ व्या प्रकरणाच्या शेवटी तो थांबतो, मागे वळून बघतो आणि म्हणतो, की एवढा अवाढव्य डोलारा स्वतःच्याच वजनाखाली वाकला, त्यात नवल ते काय. आणि पुढे: हे साम्राज्य का नष्ट झालं असं विचारण्यापेक्षा, ते इतके दिवस टिकलं कसं याचंच आश्चर्य वाटायला हवं. ज्या प्रश्नासाठी अख्ख्या जगाने त्याचं पुस्तक उघडलं, तो प्रश्नच त्याने असा हाताने बाजूला सारला. हे मी वाचलं तेव्हा समोर अण्णा झोपलेले होते, तोंड थोडं उघडं. डाव्या हातावर डायलिसिससाठी ऑपरेशन करून केलेली फिस्टुलाची शीर दोरखंडासारखी फुगलेली. तिच्यावर तळवा ठेवला की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थरथर चालू आहे ना, हे आम्ही घरी रोज झोपण्यापूर्वी बघतो. मी तळवा ठेवला. मग वाचन थांबवून उरलेला तासभर तशीच बसले. जुने रिपोर्ट मी त्यानंतर काढले नाहीत.

पण स्वतःचंच हे वाक्य गिबनने पुढे पाळलं नाही, आणि इथे माझं त्याच्याशी भांडण आहे.

इ.स. ४७६ मध्ये ऑडोएसर या सेनापतीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा बादशहाला पदच्युत केलं. मारलं नाही, वर्षाला ६,००० सोन्याची नाणी पेन्शन लावून समुद्राकाठच्या बंगल्यात पाठवून दिलं. (अण्णा: “पेन्शन मिळालेला पहिलाच.”) पश्चिम संपली. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये मात्र रोमन साम्राज्य चालू होतं, ते १४५३ पर्यंत. ९७७ वर्षं. त्या काळात त्यांनी कायद्यांची संहिता केली, हागिया सोफिया उभारलं, अरबांचे वेढे परतवले, ग्रीक ग्रंथ नकलून नकलून जपले. आणि गिबन? जस्टिनियन बादशहापर्यंत तो नीट रमतो. पुढे ४८ व्या प्रकरणात सहाशे वर्षांतले साठेक बादशहा एका दमात हाणतो, आणि सांगतो की ही दुबळेपणाची आणि दैन्याची कंटाळवाणी, एकसुरी कहाणी आहे. त्याच्या लेखी ती सगळी वर्षं म्हणजे नुसतं पडणं.

मी हे अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या पायात गोळे आले होते, भाऊ पोटऱ्या दाबत होता (गुरुवारची त्याची पाळी, मी सुट्टी होती म्हणून गेले होते). ते जरा चिडलेच.

“हजार वर्षं कुणी पडतं का? जिना आहे की काय?”

गेल्या पन्नासेक वर्षांत इतिहासकारही याच मताचे झालेत, त्यातले पुष्कळ तर ‘पतन’ हा शब्दच टाळतात, बदल म्हणतात. काही जण उलट बजावतात, की बाबांनो, पश्चिमेकडे कौलारू छपरं गेली, चांगली भांडी गेली, याला बदल म्हणता? मला या वादात पडायचं नाही. पण बायझंटाइन, म्हणजे या पूर्वेकडच्या साम्राज्यातले लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणत. सकाळी उठून ‘आज आपल्या ऱ्हासाचा चारशेबारावा दिवस’ असं कुणी म्हणत नसणार. गव्हाचा भाव विचारत असणार.

अण्णांचं तरी दुसरं काय आहे? दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यात चहा, आमटी सगळं आलं. पाण्याची बाटली त्यांनी स्वतः खुणा करून ठेवलीय. भाज्या उकळून पाणी फेकायचं, केळं नाही, शहाळं नाही. आणि या सगळ्यात गेल्या सहा वर्षांत त्यांनी नातीला पाढे शिकवले, सोसायटीच्या पाण्याच्या बिलातली चूक पकडली, दोन लग्नांना जाऊन आले, आणि इंग्रजी न वाचता गिबनचे चार खंड संपवले.

गिबनचं स्वतःचं आयुष्य त्यांना पुस्तकाइतकंच आवडलं. सात भावंडांतला हा एकटा जगला. आजोबा साऊथ सी कंपनीच्या घोटाळ्यातले संचालक. १७२१ मध्ये पार्लमेंटने एक लाख पौंडांवरची मालमत्ता जप्त करून १०,००० तेवढे ठेवू दिले. सुझान कुर्शो नावाच्या मुलीवर प्रेम बसलं, वडील नाही म्हणाले. गिबन लिहितो, प्रियकर म्हणून उसासा टाकला, मुलगा म्हणून आज्ञा पाळली. आठ-नऊ वर्षं पार्लमेंटात बसला, एकदाही बोलला नाही. २७ जून १७८७ च्या रात्री अकरा-बाराच्या दरम्यान स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बागेत शेवटचं पान लिहून झालं, तेव्हा तो बाभळीच्या जातीच्या झाडांखालून येरझाऱ्या घालत राहिला, समोर तळ्यात चंद्र. आधी आनंद झाला आणि मग एक जुना सोबती कायमचा गेल्यासारखं वाटलं. राजघराण्यातला एक ड्यूक नवा खंड हातात घेऊन म्हणाला होता म्हणे, “आणखी एक जाडजूड चौकोनी पुस्तक! सारखं खरडत असता, काय गिबनसाहेब?” हे वाक्य अण्णा आता मला बघून म्हणतात, मी रिटर्न भरत बसलेली असते तेव्हा.

“आणि गेला कशाने?”

मी जरा घुटमळले. “त्याला पाणी साचायचं. म्हणजे... खाली.”

“हायड्रोसील म्हण की. लाजतेस काय?”

तीसेक वर्षं त्याने ते अंगावर काढलं, कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. जगातल्या यच्चयावत बादशहांच्या लपवाछपवीवर बोट ठेवणारा माणूस! १७९३ च्या नोव्हेंबरात शेवटी लंडनमध्ये शस्त्रवैद्यांनी सुई घालून पाणी काढलं, पहिल्याच खेपेला चार क्वार्ट, म्हणजे जवळपास चार लिटर. दहा दिवसांत पुन्हा तीन. जानेवारीत सहा. मरणाच्या आदल्या दिवशी तो मित्रांना सांगत होता, की मी अजून दहा, बारा, कदाचित वीस वर्षंही जगेन. १६ जानेवारी १७९४ ला गेला. ५६ वर्षांचा होता.

अण्णा बराच वेळ मशीनच्या पडद्याकडे बघत होते. त्यावर त्या दिवशी किती पाणी काढायचं ते लिहिलेलं असतं. दोन पूर्णांक दोन.

“चार लिटर,” ते म्हणाले. “एका वेळी. बिनमशीनचं.”

गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीला डॉक्टरांकडे गेलो. अण्णा एक वही ठेवतात, हाताने रकाने आखलेली. तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, काढलेलं पाणी, बीपी, शेरा. ही वही मी कधी उघडून बघितली नव्हती, ती त्यांची. डॉक्टर तरुण आहेत, नवीन आलेत. ते एक एक पान उलटत होते आणि मध्येच थबकले.

“काका, हे ‘जुलियानस, ६६ दिवस’ काय आहे? कुठली गोळी?”

“नाही नाही. ती बंद झाली.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या मूत्रपिंडाच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत राहिले. त्यांनी आणखी दोन पानं उलटली आणि या वेळी खरंच दचकले.

“आणि हे? ‘४ लि.’? एका सिटिंगला चार लिटर काढले तुमचे? कुणी काढले? कुठे?”

“लंडनला,” अण्णा म्हणाले.